सांगलीच्या एका फुटबॉल क्लबचे पहिले साल : जुन्या वर्तमानपत्रांतून लागलेला माग

आयर्विनपूल

नमस्कार मंडळी.

सांगलीत आमचा एक जुना फुटबॉल क्लब आहे. त्याच्या खोलीच्या दारावर ‘स्थापना १९२६’ असे रंगवलेले आहे आणि त्या हिशेबाने शताब्दीची बोलणी सुरू झाली आहेत. स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा पहिले प्रकरण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे आजोबा या क्लबचे गोलकीपर होते. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आज त्यांना विचारावेसे वाटणारे शंभर प्रश्न माझ्यापाशी आहेत आणि उत्तर द्यायला त्या पिढीतले कोणीच उरलेले नाही. क्लबचे नाव येथे मुद्दाम देत नाही. मी पुढे जे मांडणार आहे, त्यावर कार्यकारिणीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

१९२६ हे साल आले कोठून, येथून मी सुरुवात केली. क्लबची इतिवृत्ताची एक वही होती, असे जुने खेळाडू सांगतात. ती ज्या सभासदांच्या घरी होती ते घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्या घराच्या तळमजल्यावरचे काहीही वाचले नाही. वहीचा लगदा झाला होता. घरच्यांनी तो टाकून न देता आठ दिवस गच्चीवर वाळत घातला, पण शाई धुऊन गेली होती. आता पुरावा म्हणून उरले आहे ते एक शील्ड. लाकडी पाटावर ठोकलेला चांदीचा पत्रा, दोन विती उंच. पत्र्यावर चेंडू कोरलेला आहे आणि कारागिराने चामड्याच्या पट्ट्या, त्यांची शिवण आणि ब्लॅडरचे तोंड बांधायची नाडीसुद्धा सोडलेली नाही. त्याखाली ‘माघ शके १८४८’. क्लबचे नाव आहे. स्पर्धेचे नाव, गाव, काही नाही. कोणीतरी कधीतरी १८४८ मध्ये ७८ मिळवले, १९२६ हे उत्तर आले आणि ते दारावर चढले.

हा हिशेबच चुकलेला आहे. शक वर्ष गुढीपाडव्याला बदलते. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. माघ शके १८४८ फेब्रुवारी १९२७ मध्ये येतो. शिवाय शील्ड जिंकणारा संघ त्याच दिवशी जन्माला आला असे कसे म्हणावे? तेव्हा शील्डावरून एवढेच सांगता येते की फेब्रुवारी १९२७ मध्ये क्लब होता आणि जिंकण्याइतका चांगला होता.

त्यापुढचा माग वर्तमानपत्रांत काढावा म्हणून मी पुण्यातल्या एका ग्रंथालयात जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली पाहू लागलो. जून ते ऑगस्ट दर शनिवारी पहाटेच्या गाडीने जात होतो. फायली ‘चाळल्या’ असे म्हणवत नाही, कारण तो कागद चाळता येत नाही. कोपऱ्याला धरून उलटायला जावे तर कोपराच बोटांत येतो. तेथल्या ग्रंथपालबाईंनी मला पानाखाली पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट पान उलटायला शिकवले. अशा गतीने दिवसाला फार तर चार-पाच महिन्यांचे अंक होतात. कसर लागलेल्या पानांत तर एका बातमीच्या भोकातून मागच्या बातमीची अक्षरे दिसतात आणि वाक्य लागत नाही.

अकराव्या शनिवारी १९२३ च्या डिसेंबरातील एका अंकात, हळदीच्या भावाच्या खाली आणि प्लेगची लस टोचून घेण्याच्या सूचनेच्या वर, मिरजेच्या बातमीदाराच्या पत्रात सात ओळी सापडल्या. छायाचित्राला अजून परवानगी मिळालेली नाही, म्हणून सारांश देतो. गेल्या शनिवारी मिरजेस रेल्वेच्या मैदानावर रेल्वेची मंडळी आणि सांगलीची मंडळी यांच्यात फुटबॉलची ‘म्याच’ झाली; रेल्वेकडील खेळाडू बूट घालून आणि सांगलीकडील अनवाणी खेळले; रेल्वेने दोन गोल केले, सांगलीने एक; बघ्यांची गर्दी बरी होती. सातांपैकी दोन ओळी अध्यक्षस्थानी कोण होते हे सांगण्यात गेल्या आहेत. खेळलेल्या बावीस जणांपैकी एकाचेही नाव नाही.

त्या ओळी वाचल्यावर मी फाइल मिटून काही वेळ तसाच बसलो होतो. आजी सांगायची की आजोबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हते. रेल्वेच्या एका बूटवाल्याने ते काढले. ती गोष्ट याच सामन्यातली असेल असे मला फार वाटते आणि तसे म्हणायला माझ्याकडे कवडीचा पुरावा नाही.

तर प्रश्न असे. ‘सांगलीची मंडळी’ म्हणजे आमचा क्लब असे धरता येईल काय? १९२३ पूर्वीचे काही शोधायचे असेल तर कोठे पाहावे? आणि स्मरणिकेत स्थापनेचे साल म्हणून काय छापावे?

सातारकर

धागा अतिशय आवडला. दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

आपण ‘सांगली’ या नावाखालीच शोधत असाल, तर बरेच निसटेल. आजचा सांगली जिल्हा त्या काळी एका नावाखाली नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिश मुलखातल्या सातारा जिल्ह्यात होते. सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जत ही संस्थाने वेगळी. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. म्हणून तासगावात किंवा इस्लामपुरात झालेल्या सामन्याची बातमी ‘सातारा जिल्हा’ या मथळ्याखाली असते आणि सांगलीतली ‘संस्थानी वृत्त’ या सदरात. मी स्वतः साताऱ्याच्या कुस्तीच्या फडांची माहिती गोळा करताना उलट्या बाजूने याच घोटाळ्यात सापडलो होतो. वाळव्याचे फड मी दोन वर्षे सांगलीच्या कागदांत शोधत होतो.

दुसरी गोष्ट लेखनाची. ज्या फायली स्कॅन होऊन शोधण्याजोग्या झाल्या आहेत, त्यांत आपण आजचे शब्द टाकतो आणि ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते. आपण अवतरणात ‘म्याच’ लिहिले आहे, ते अगदी योग्य केले. ‘ॲ’चा उच्चार तेव्हा सर्रास ‘या’ लावून लिहीत : ब्यांक, ग्याझेट, ब्याट, म्याच. खेळाचे नावही फुटबॉल, फूटबॉल, फुट-बॉल असे तिन्ही प्रकारे आढळते. त्यात भर अनुस्वारांची. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘सांगलींत’, ‘मिरजेंत’, ‘खेळाडूंनीं’ अशी रूपे येतात आणि यंत्राला अनुस्वाराचा ठिपका व कसरीचे भोक यांतला फरक कळत नाही. माझा अनुभव असा की यंत्राचा शोध फक्त दिशा कळण्यापुरता वापरावा आणि महिना ठरला की पाने डोळ्यांनीच पाहावीत.

मिरजजंक्शन

माझे वडील आणि आजोबा दोघेही रेल्वेत. मी क्वार्टर्समध्ये वाढलो, म्हणून राहवले नाही.

त्या काळी मिरज हे मीटरगेजचे मोठे जंक्शन. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे ड्रायव्हर, गार्ड, फिटर असे नाना प्रांतांतले लोक एका वसाहतीत राहत. त्यांच्याकडे मैदान होते, बूट होते, चेंडूला पैसे होते. आजोबा सांगत की संध्याकाळची शिफ्ट सुटली की लोकोकडची माणसे तेल लागलेल्या कपड्यांतच खेळायला उतरत आणि बाहेरगावचा संघ आला की सामना गाडीच्या वेळेवर ठरे, कारण परतीची गाडी चुकली तर पाहुण्यांना फलाटावर झोपावे लागे.

सांगलीहून मिरजेला येऊन रेल्वेशी दोन-एकचा सामना देणे साध्या पोरांचे काम नव्हते. माझ्या मते ती मंडळी म्हणजे आपलाच क्लब. सांगलीत तेव्हा दुसरे होते तरी कोण? १९२३ बिनधास्त छापा.

आयर्विनपूल

मिरजजंक्शन, आपले शब्द वाचून बरे वाटले आणि मनापासून सांगतो, मलाही तसेच वाटते. पण ‘सांगलीत तेव्हा दुसरे कोण होते’ याचे उत्तर मला ठाऊक नाही. विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये सुरू झालेले होते. सांगली-मिरजेच्या मधल्या माळावरच्या त्या वसतिगृहांत फुटबॉल खेळणारी मुले नसतीलच, असे कसे म्हणावे? हायस्कुलांची मुले होती, संस्थानाचे पोलीस होते. मंडळी कोणीही असू शकते.

अनघा

मी जुन्या नियतकालिकांच्या सूचीकरणाचे काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आयर्विनपूल, आपल्या बातमीत ‘गेल्या शनिवारी’ असे आहे. हा शनिवार अंकाच्या तारखेवरून मोजू नका. गावोगावचे बातमीदार पत्र लिहून टपालाने पाठवीत, ते पुण्यास पोचून जुळणीला जाईपर्यंत एक अंक हुकला की मजकूर पुढच्या अंकात येई. पत्राच्या सुरुवातीला बारीक टायपात ‘मिरज, ता. अमुक’ असे असेल, तर शनिवार त्या तारखेच्या मागचा. तशी ओळ फाटलेली किंवा गाळलेली असेल, तर ‘डिसेंबर १९२३ किंवा त्याच्या थोडे आधी’ इतकेच लिहिणे योग्य.

तसेच, हीच बातमी दुसऱ्या पत्रात मिळाली की दोन पुरावे झाले असे समजू नये. एकमेकांच्या अंकांतून मजकूर उचलण्याची पद्धत सर्वत्र होती. दोन्हीकडे दोन ओळी अध्यक्षांवर गेल्या असतील आणि गोलांचा क्रमही तसाच असेल, तर साक्षीदार एकच आहे. तपशील वेगळा, एखादी चूकसुद्धा वेगळी असेल, तर मात्र दुसरा माणूस खरोखर मैदानावर हजर होता असे मानायला जागा आहे.

आता मुख्य प्रश्न. वर्तमानपत्रातला पहिला उल्लेख आणि स्थापना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही अडचण फुटबॉलच्या मायदेशातही सुटलेली नाही. इंग्लंडमधला स्टोक सिटी हा क्लब परंपरेने आपले साल १८६३ सांगत आला. संशोधकांनी जुने अंक काढले, तेव्हा १८६८ च्या सप्टेंबरमध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकात तेथे नवा क्लब निघाल्याची बातमी मिळाली; १८६३ मध्ये तो खेळत असल्याची छापील खूण मिळाली नाही. क्रिस्टल पॅलेसचे याच्या उलट झाले. त्या क्लबची स्थापना १९०५ ची मानली जाई. २०२० मध्ये क्लबने, १८६१ मध्ये त्याच ठिकाणी, त्याच नावाने निघालेल्या संघाशी आपली परंपरा अखंड आहे असे जाहीर केले आणि पुढे ते साल बोधचिन्हावरही घेतले. तो दुवा पटत नाही असे म्हणणारे इतिहासकार आजही आहेत. आपल्या ‘सांगलीच्या मंडळी’चा प्रश्न नेमका या दुसऱ्या जातीचा आहे. गाव तेच आणि खेळ तोच एवढ्याने संघ तोच ठरत नाही. मधला धागा दाखवावा लागतो. तो धागा मैदानाचा असेल, एखाद्या चिटणीसाचा असेल किंवा वर्गणीच्या पावतीचा.

शेफील्ड एफसीला १८५७ हे साल छातीठोकपणे सांगता येते, कारण त्यांची आरंभीची कागदपत्रे टिकली. २०११ मध्ये ती लिलावात ८,८१,२५० पौंडांना गेली. गच्चीवर वाळवलेल्या आपल्या वहीबद्दल वाचताना मला त्याची आठवण झाली. तो लगदा अजून ठेवलेला असेल, तर कृपया फेकू देऊ नका. धुतलेल्या शाईची खूण कधी कधी अतिनील प्रकाशात दिसते. खात्री देत नाही, पण कागद तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय ‘गेला’ म्हणू नये.

अर्धवेळ

सर्वांविषयी आदर ठेवून वेगळे मत मांडतो. मी दुसऱ्या एका क्लबचा चिटणीस आहे. शताब्दी म्हणजे वर्गणी, पाहुणे, मैदानाची परवानगी, जुन्या खेळाडूंचा सत्कार. त्यातले काही जण नव्वदीला टेकले आहेत. साल एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे असल्यामुळे कोणाचे काय बिघडते? दारावर तीन पिढ्यांनी १९२६ वाचले आहे. ऐन वेळी ते खोडले, तर लोक म्हणतील की यांना आपला जन्मही ठाऊक नाही आणि नव्वदीतल्या माणसांना आपण आणखी थांबायला सांगणार.

आयर्विनपूल

अर्धवेळ, नव्वदीतल्या खेळाडूंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यांचा सत्कार सालाच्या निकालावर अडवून ठेवू नये, असे मी कार्यकारिणीलाही सांगितले आहे. समारंभ ठरल्याप्रमाणे व्हावा.

मला आक्षेप आहे तो छापण्याला. दारावरचा रंग पुसता येतो. स्मरणिका वाचनालयात जाते आणि पन्नास वर्षांनी कोणी शोधायला बसले की तीच पुरावा म्हणून त्याच्या हाती पडते. मी आज ज्या सात ओळींवर इतका वेळ घालवतो आहे, त्या लिहिणाऱ्या बातमीदाराने सांगलीच्या एका खेळाडूचे नाव लिहिले असते, तर मला केवढा आधार झाला असता. आपण आता लिहिणारे आहोत. चुकीची बेरीज पुढच्या माणसाच्या हाती देणे मला जमणार नाही.

सातारकर

अर्धवेळ यांना एक जोडून सांगावेसे वाटते. कोल्हापूरकडे पाहिले तर क्लबच्या ‘जन्मा’ची कल्पनाच थोडी बदलते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तेथल्या फुटबॉल संघांची नावे तालमींची आहेत. आखाड्यात माती उकरणारी, गणपती बसवणारी, पेठेच्या अडीनडीला धावणारी तीच मुले संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानात जात. अशा ठिकाणी तालीम आधीची, संघ नंतरचा, आणि संघाची नोंदणी त्याहून नंतरची. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. तिच्या आधी पेठांत चेंडू उडतच नव्हता, असे कोणी कोल्हापूरकर मान्य करणार नाही. सांगलीच्या क्लबचेही मूळ एखाद्या आखाड्यात किंवा वाचनालयाच्या जिमखान्यात असू शकेल. तेव्हा केवळ ‘फुटबॉल’ या शब्दाखाली न शोधता, तालीम, व्यायामशाळा, जिमखाना, हुतुतू, आट्यापाट्या यांच्या बातम्याही वाचा. एकाच बक्षीस समारंभात सगळे खेळ उरकलेले असतात.

अनघा

सातारकर यांच्याशी सहमत. इंग्रजी पत्रांबद्दल एक राहिले. मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत फुटबॉलचे रकाने भरभरून असतात, पण ते बहुतेक पलटणींचे. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटच्या संघाला मिळाला; भारतीय नागरी संघाने तो जिंकायला १९३७ उजाडावे लागले, आणि तोही बंगळूरचा. त्या रकान्यांत गोऱ्या सैनिकांच्या संघांतील अकराही नावे मिळतात. आपल्या अनवाणी मुलांची नावे मिळत नाहीत, याचे कारण ती खेळत नव्हती असे नसून कोणाला कोणाच्या बातमीची गरज वाटत होती, यात आहे. १९११ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकले, तेव्हा अकरांतल्या दहांच्या पायांत बूट नव्हते, हे आज सर्वांना माहीत आहे. पण ते जिंकले म्हणून. आपली मंडळी २-१ अशी हरली होती, तरी एका मराठी बातमीदाराला त्यांचे अनवाणी पाय नोंदवावेसे वाटले. त्या अर्ध्या वाक्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आणि एक विनंती. शील्ड पॉलिशवाल्याकडे देऊ नका. पत्रा लाकडावर ठोकताना मागे कागदाची घडी घालण्याची पद्धत होती, म्हणजे पत्रा वाजत नाही. ती घडी बहुधा रद्दी वर्तमानपत्राची असते. एखाद्या जाणत्या सोनाराकडून खिळे सावकाश काढवून मागे काय आहे, ते पाहा.

बेळगावकर

उशिरा वाचले. अनघाताईंची सूचना अमलात आणाच, पण त्याआधी नकाशा पाहा.

सांगली संस्थान सलग नव्हते. मंगळवेढे, तेरदाळ, शिरहट्टी असे त्याचे तुकडे दूरदूर पसरले होते, आणि आमच्या बेळगावला लागून असलेले शहापूर हेसुद्धा सांगलीकरांचे. आज शहापूर बेळगाव शहरातच आहे, पण १९४८ पर्यंत रस्ता ओलांडला की माणूस ब्रिटिश मुलखातून सांगलीच्या हद्दीत जात असे. बेळगावात लष्कराचा कॅम्प, म्हणून फुटबॉल. शहापुरात विणकर आणि सराफ. ‘सांगलीची मंडळी’ मिरजेला गाडीने आली ती कोणत्या सांगलीहून, हा प्रश्न माझ्या मनात आला. बेळगाव-मिरज हा थेट मार्ग त्याच रेल्वेचा.

हे मी आपला क्लब हिरावून घेण्यासाठी लिहीत नाही. सांगलीचा संघ संस्थानाच्या कामानिमित्त शहापूरला येत-जात असेल, तर त्याच्या बातम्या बेळगावच्या पत्रांत असतील, आणि त्यांतली काही पत्रे कानडी आहेत. पुण्याच्या फायलींत कितीही वर्षे घालवलीत, तरी त्या तेथे मिळणार नाहीत.

मिरजजंक्शन

बेळगावकरांचे वाचून मी माझे ‘बिनधास्त छापा’ मागे घेतो. आजोबांच्या पेटीत रेल्वे इन्स्टिट्यूटच्या सामन्यांची दोन हस्तपत्रके आहेत, त्यांवर साल नाही, वार आणि तारीख मात्र आहे. वार-तारखेच्या मेळावरून साल काढता येईल काय?

अनघा

येईल, पण एकच साल मिळणार नाही. एका तारखेला तोच वार पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येतो, त्यामुळे दोन-तीन सालांचा पर्याय उरतो. छापखान्याचे नाव तळाशी बारीक अक्षरांत असेल. तो छापखाना कोणत्या काळात चालू होता, यावरून निवड करता येईल. दोन्ही पत्रकांचे स्वच्छ फोटो काढा, मागची बाजूही.

आयर्विनपूल

रविवारी शील्ड उघडले. सर्वांना सविस्तर कळवतो.

सराफकट्ट्यावरच्या एका वयस्कर कारागिरांनी कामाचे पैसे घेतले नाहीत. अकरा खिळे होते, त्यांतले दोन नंतरचे, लोखंडी. पत्रा उचलला तेव्हा खाली खरोखरच कागदाची चार पदरी घडी निघाली. बाहेरचा पदर लाकडाला चिकटून तपकिरी झालेला, आतले तीन पदर धडधाकट. अक्षरे पाहिली आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो, कारण मजकूर कानडी होता. आमच्यातल्या कोणालाही तो वाचता येईना, एवढ्यात आमचा आताचा सेंटर फॉरवर्ड पुढे आला. तो जत तालुक्यातला, घरची भाषा कानडी. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाने खोलीतल्या बाकावर बसून, बोट न लावता, आम्हा पंधरा-वीस जणांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगितला. गुळाचे आणि कापसाचे भाव, एका नाटक कंपनीची जाहिरात, कोणाच्या तरी बैलाची चोरी. फुटबॉल नाही. वरची कड कापलेली, त्यामुळे तारीखही नाही.

मग कारागिरांनी पत्र्याची मागची बाजू उजेडाकडे तिरपी धरली. खालच्या डाव्या कोपऱ्यात ठशाने उमटवलेली बारीक अक्षरे आहेत, आरशात पाहावी लागावीत अशी उलटी नव्हेत, सरळ देवनागरी : ‘शहापूर’. त्यापुढे एक आकडा आहे, तो बहुधा वजनाचा.

बेळगावकर, आपल्या प्रतिसादाला त्या वेळी चार दिवस झाले होते. मी फोनवर तो उघडून खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला.

कार्यकारिणीची बैठक काल झाली. समारंभ ठरल्या तारखेला होईल आणि ज्येष्ठांचा सत्कारही. स्मरणिकेत ‘स्थापना’ या शब्दापुढे साल छापले जाणार नाही; शील्डावरचा मजकूर आहे तसा, त्याखाली ‘फेब्रुवारी १९२७’, आणि १९२३ च्या सात ओळी ‘सांगलीच्या एका संघाविषयी’ म्हणून स्वतंत्रपणे. दारावरचे १९२६ तूर्त तसेच राहील. त्यावर एकमत झाले नाही. वहीचा लगदा त्या घरच्यांनी जुन्या साडीत बांधून माळ्यावर ठेवलेला होता, तो अनघाताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासायला देत आहोत.

येत्या शनिवारी मी बेळगावला जातो आहे. सेंटर फॉरवर्डने सरावाला सुट्टी मागितली आहे. तो माझ्याबरोबर कानडी फायली वाचायला येतो. बेळगावकर, आपल्याला वेळ असेल तर स्टेशनवर भेटू या.